तोल नेमका कुणाचा जातो?

(बांधकामावरील अपघातांविषयी आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून येते. चार-पाच ओळींची असते. 'बांधकामावर काम करीत असताना तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू.' पुढे वय, गाव, रुग्णालयात नेण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचा उल्लेख आणि शेवटी 'अकस्मात मृत्यू म्हणून पोलिसांत नोंद'. आपण ती वाचतो, 'बिचारा!' म्हणतो आणि पान उलटतो. आज मला त्या बातमीतल्या दोनच शब्दांविषयी बोलायचे आहे. ते शब्द म्हणजे 'तोल जाऊन'.

हे शब्द मी स्वतःही एकदा लिहून दिले आहेत, म्हणून बोलतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी मी सोलापुरात एका लहान ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. शहराच्या कडेला एका दुमजली घराचे काम चालू होते. बाहेरून गिलावा करायचा होता. पुस्तकात ज्याला परांची म्हणतात, तो पहाड आम्ही बांबू आणि बल्ल्यांचा बांधला होता. त्यावर तीन फळ्या होत्या. सकाळी त्यांतली एक फळी आतल्या सेंट्रिंगला हवी म्हणून काढून नेली. राहिल्या दोन. अक्कलकोट तालुक्यातला एक गवंडी वर काम करीत होता. हाताला अतिशय स्वच्छ माणूस. सकाळी तो मला म्हणाला होता, "साहेब, तिसरी फळी तिकडं गेली की. उभारायला जागाच न्हाई बगा." मी म्हणालो, "दुपारपर्यंत काढा कसेतरी, मामा. स्लॅब झाला की देतो." दुपारी तो खालून आलेले मालाचे घमेले घ्यायला वाकला आणि खाली पडला. उंची बारा फूट. पाठीचा मणका मोडला. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर गेले ते गेलेच.

मला लिहून द्यावे लागले. मी लिहिले, 'काम करीत असताना तोल जाऊन पडला.' त्यात खोटे काहीच नव्हते. तोल गेलाच होता. पण फळीबद्दल मी एक अक्षर लिहिले नाही, आणि मला कुणी विचारलेही नाही.

पुढे मी त्याच्या घरी गेलो होतो. तो दाराशी बसून होता. त्याची बायको आत विड्या वळत होती. आधी तिचे पैसे वरखर्चाला व्हायचे, आता त्यावरच घर चालत होते. त्याने मला चहा पाजला. फळीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

तोल जाणे म्हणजे काय?

आपल्याला वाटते की तोल सांभाळणे ही सावध माणसाची सवय आहे आणि तोल जाणे हा बेसावधपणा. शरीरशास्त्र वेगळे सांगते. माणूस सरळ, शांत उभा असतानाही त्याचे शरीर सतत किंचित डुलत असते. कानाच्या आतली तोल राखणारी यंत्रणा, डोळे, आणि तळपायांना व सांध्यांना होणारी जाणीव या तिन्हींकडून मेंदूला निरोप जातात आणि स्नायू ते डुलणे सावरत राहतात. म्हणजे तोल आपण क्षणाक्षणाला गमावतो आणि क्षणाक्षणाला परत मिळवतो. जमिनीवर एखादे वेळी तो परत मिळाला नाही, तर आपण एक पाऊल पुढे टाकतो आणि सावरतो. पहाडावर ते पाऊल टाकायला जागा नसते. सारा फरक एवढाच आहे.

आता त्या माणसाची स्थिती पाहा. नऊ-नऊ इंचांच्या दोन फळ्या, म्हणजे दीड फुटाची पट्टी. त्यातच मालाची पाटी ठेवलेली. एका हातात थापी, दुसऱ्या हातात रंधा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून चव्वेचाळीसपर्यंत जातो. घाम निथळतो, अंगातले पाणी कमी होते, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. वर सिमेंटने फळी निसरडी. अशा जागी दिवसाचे आठ-दहा तास उभ्या असलेल्या माणसाचा तोल कधी तरी जाणारच. ते गृहीतच धरले पाहिजे.

आणि तोल गेल्यावर किती वेळ मिळतो? शाळेत शिकलेले गणित आहे. बारा फुटांवरून म्हणजे साधारण ३.६ मीटरवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आतच जमिनीवर पोचतो. आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो. सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून, हा वेग ताशी ३९ किलोमीटर होतो. दहा मीटरवरून ताशी ५० किलोमीटर. होटगी रस्त्याने ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलने भिंतीला धडक द्यावी, तसा हा आघात. एखादी गोष्ट ध्यानात येऊन हात हलेपर्यंतच पाव सेकंद निघून जातो. 'त्याने काहीतरी धरायला हवे होते' असे आपण खाली उभे राहून म्हणतो. धरायला वेळ नव्हता आणि बहुधा धरण्यासारखे तिथे काही नव्हतेही.

म्हणून पहाडाची खरी व्याख्या अशी करावी लागेल: माणसाचा तोल गेला तरी त्याला खाली पडू न देणारी रचना म्हणजे पहाड. उंचावर हात पोचावा एवढ्यासाठीच तो बांधला, तर तो अर्धाच बांधला.

पहाड कुठे कमी पडतो?

पायापासून सुरुवात करू. आपल्या सोलापूरच्या आसपास काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. नव्या घराच्या चहूबाजूंना पायासाठी खणलेली आणि पुन्हा भरलेली भुसभुशीत माती असते. त्यावर सरळ बांबू किंवा लोखंडी पाइप रोवला, की वरचे वजन त्या दोन-तीन इंचांच्या टोकावर एकवटते. वर कोरडे असताना सारे ठीक वाटते. एखादा वळीव पडला, किंवा नव्या भिंतीवर मारलेले पाणी खाली साचले, की एक पाय दोन इंच खचतो. तळाशी दोन इंच म्हणजे वरच्या टोकाला केवढे झुकणे होते, याचा विचार करा. उपाय सोपा आहे. पायाखाली मुरूम ठोकून घ्यायचा, त्यावर रुंद जाड फळी टाकायची आणि लोखंडी पाइप असेल तर त्याखाली पत्र्याची बैठक द्यायची. विटांच्या तुकड्यांवर पाय टेकवणे हा उपाय नव्हे. वीट फुटते.

दुसरी गोष्ट, पहाड भिंतीला बांधलेला हवा. नुसता उभा राहिलेला पहाड म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. वाऱ्याच्या झोताने किंवा वर दोन माणसे एका बाजूला आली की तो भिंतीपासून सुटतो. त्याचबरोबर तिरपी कैची हवी. उभे आणि आडवे एवढेच असले तर चौकोन होतो, आणि चौकोन सहज कलतो. कैची मारली की त्याचे त्रिकोण होतात. त्रिकोण कलत नाही. जुने सुतार हे भूमिती न शिकता जाणत होते.

तिसरी गोष्ट फळ्या. भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग, मध्ये फट न ठेवता, दोन्ही टोके टेकूवर नीट बसलेली आणि बांधलेली. फळीचे टोक टेकूच्या पुढे हात-दीड हात बाहेर आलेले असले आणि त्यावर कुणी पाय दिला, तर बागेतल्या सी-सॉसारखे दुसरे टोक उचलले जाते. साइटवर 'फळी उचकली' म्हणतात ती हीच. असे अनेक अपघात घडतात आणि नंतर त्यांचीही नोंद 'तोल जाऊन' अशीच होते.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कठडा. तो कमरेच्या वर, साधारण एक मीटर उंच हवा. एक मीटरच का? आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली असतो. कठडा त्याच्या वर असेल तर धडकलेला माणूस आत ढकलला जातो. कठडा गुडघ्याएवढाच असेल तर माणूस त्यावरून बिजागरीसारखा उलटतो, म्हणजे तो नसल्यापेक्षाही वाईट. वरच्या आडव्याखेरीज मध्ये आणखी एक आडवे हवे, म्हणजे बसून काम करणारा त्याखालून घसरणार नाही. आणि फळीच्या कडेला सुमारे सहा इंची उभी पट्टी, म्हणजे थापी, वीट किंवा पाटी खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणार नाही. खाली घमेली उचलणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे इथे विसरून चालणार नाही.

हे सारे अपघातानंतर सुचलेले शहाणपण नाही. भारतीय मानक संस्थेने पहाड आणि शिड्यांसाठी सुरक्षिततेची संहिता फार पूर्वीच तयार केली आहे. तिचा पहाडांविषयीचा भाग १९८७ सालचा आणि शिड्यांविषयीचा १९९१ सालचा आहे. माझ्या त्या गवंड्याच्या अपघातापूर्वी ती छापून तयार होती. मी ती वाचली नव्हती.

पट्टा बांधला की झाले?

सुरक्षेचा विषय निघाला की लोक हेल्मेट आणि पट्ट्याबद्दल बोलतात. दोन्ही हवेतच. पण पट्ट्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पट्ट्याची दोरी साधारण १.८ मीटरची असते. ती पायाच्या पातळीवर अडकवली तर आधी तेवढे पडणे होते. धक्का सोसण्यासाठी दोरीत जो भाग उलगडतो, तो आणखी मीटरभर लांबतो. त्याखाली माणसाची उंची. शिवाय थोडी मोकळी जागा. हा हिशेब पाच-सहा मीटरवर जातो. म्हणजे बारा फुटांवर असा पट्टा बांधून काम करणारा माणूस दोरीने त्याला पूर्ण थांबवण्याआधीच जमिनीवर असेल. तिथे कठडाच हवा. पट्टा वापरायचाच तर दोरी डोक्याच्या वर, पक्क्या जागी अडकवायची. ज्या पहाडाची खात्री नाही, त्यालाच दोरी बांधणे म्हणजे बुडत्या होडीला दोर बांधण्यासारखे आहे.

पट्टाही नुसता कमरेचा नको. कमरेच्या पट्ट्यावर एकदम लटकलेल्या माणसाच्या पोटाला आणि मणक्याला इजा होते. खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा हवा. आणि त्यात लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच खाली घ्यावे लागते. निश्चल लटकत राहिल्यास रक्त पायांत साचते आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्याला कसे उतरवायचे, हे आधीच ठरलेले हवे.

'मजूरच पट्टा बांधत नाहीत हो!' ही तक्रार मी हजारदा ऐकली आहे, स्वतःही केली आहे. मग एकदा मी स्वतः बांधून पाहिला. हुक अडकवायला कुठेही जागा नव्हती. प्रत्येक चार पावलांवर सोडा आणि पुन्हा बांधा. गिलाव्याचे काम चौरस फुटावर अंगावर घेतलेले असते. जितके होईल तितका पैसा. त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते. अशा माणसाला आपण सांगतो, 'सांभाळून, सावकाश कर.' कामाचा भाव आपण घाईचा ठरवतो आणि उपदेश सावकाशीचा करतो.

मोठ्या शहरांत काय घडले?

हा प्रश्न लहान ठेकेदारांपुरता आहे असे नाही. २९ जुलै २०१६ रोजी पुण्याच्या बालेवाडीत एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचे काम चालू असताना तो कोसळला आणि नऊ मजूर मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात तयार होत असलेला लोखंडी सांगाडा कोसळून पाच मजूर गेले. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम संपवून खाली येणारी मजुरांची लिफ्ट कोसळली, त्यात सात जण गेले. या माणसांपैकी कुणाचाही तोल गेला नव्हता. त्यांच्या पायाखालचे गेले.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्याचे काम चालू होते. तिथला पहाड मनोऱ्याच्या नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटलाच अडकवलेला असे आणि काम जसे वर जाई तसा तोही वर जाई. त्या दिवशी आदल्या दिवसाचे काँक्रीट पुरेसे पक्के झालेले नव्हते. ते सुटले, पहाडासह सारे खाली आले आणि ५१ कामगार मृत्युमुखी पडले. ज्याला पहाड बांधायचा ते स्वतः पक्के आहे का, हा प्रश्न त्या सकाळी पुरेसा गंभीरपणे विचारला गेला नाही. सोलापुरात सेंट्रिंग लवकर सोडवून दुसरीकडे न्यायची घाई असते, तेव्हा मला विलो आयलंड आठवते.

उलट उदाहरणही आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्या पुलाखाली इंजिनिअरांनी सर्कशीसारखी प्रचंड जाळी बांधली. खर्च त्या काळी एक लाख डॉलरच्या वर. त्या जाळीत पडून १९ माणसे वाचली. त्यांनी थट्टेने स्वतःची 'अर्ध्या वाटेवरून नरकातून परतलेल्यांची' मंडळीही काढली. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड पहाड तुटून त्या जाळीवर पडला, जाळी फाटली आणि दहा जण गेले. म्हणजे जाळीने माणसे वाचवली, पण पहाड कच्चा असेल तर जाळीही पुरत नाही. आणि लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी केवढे तरी बांधकाम झाले, ते एकही कामगार न गमावता पूर्ण झाले. बांधकाम म्हटले की दोन-चार बळी जायचेच, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बांबू वाईट आणि लोखंड चांगले, असाही समज करून घेऊ नये. हाँगकाँगमध्ये अनेक दशके मोठमोठ्या इमारतींना बांबूचेच पहाड बांधले गेले. ते बांधणारे शिकलेले, प्रमाणपत्र मिळवलेले कारागीर असत. आपल्याकडे पहाड कोण बांधतो? त्या दिवशी जो मोकळा असेल तो.

कायदा कुठवर पोचतो?

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले आणि कामगारांचे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेऊन तो या मंडळामार्फत कामगारांसाठी वापरायचा, अशी ही व्यवस्था. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला. सुरक्षिततेचा भाग आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत आहे. उपकर, मंडळ आणि अपघाताची भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

मात्र सामान्य वाचकाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दहापेक्षा कमी कामगार असलेले बांधकाम या सुरक्षा संहितेतल्या बांधकामाच्या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले, पन्नास लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घरही साधारणपणे त्याबाहेर राहते. जुन्या कायद्यात ही मर्यादा दहा लाखांची होती. आता विचार करा. आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत, आपल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने बांधलेली घरे कोणती? बहुतेक याच मर्यादेतली. म्हणजे ज्या पहाडांवर सोलापुरातले कितीतरी गवंडी रोज चढतात, तिथे सरकारी निरीक्षक येणार नाही. तिथे येणारा एकच माणूस आहे, घरमालक. तो रोज संध्याकाळी स्कूटरवरून येतो, विटा मोजतो, सिमेंटच्या गोण्या मोजतो, पाणी मारले का विचारतो. त्याने फळ्याही मोजाव्यात, एवढेच माझे मागणे आहे.

घर बांधणाऱ्याने काय करावे?

ठेकेदाराशी बोलणी करतानाच पहाडाचा वेगळा दर ठरवा. तो एकूण दरात धरला की पहिली काटछाट तिथेच होते. तीन फळ्या, कठडा, कैची आणि भिंतीला बांधणी हे कागदावर लिहून घ्या. वर चढायला पक्की शिडी मागा. चार फूट उंचीमागे पायथा एक फूट दूर, वरचे टोक चढायच्या जागेच्या तीन फूट वर, आणि वर बांधलेली. बांबूच्या कैचीवर पाय देत माणसे चढताना दिसली तर काम थांबवा. जिन्याची मोकळी बाजू, गच्चीची कड आणि मजल्यातली भोके पहिल्या दिवसापासून अडवून घ्या. नुसत्या पोत्याने किंवा पत्र्याने झाकलेले भोक उघड्या भोकापेक्षा घातक, कारण ते दिसत नाही. जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी पाइप वापरण्याआधी वीज कंपनीला कळवा. पाऊस किंवा वादळ होऊन गेल्यावर पहाड तपासल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.

ठेकेदाराने कामगारांचा अपघात विमा काढला आहे का, ते विचारा. आपल्याकडच्या मजुरांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाला, तर मंडळाच्या योजनेतून वारसाला पाच लाख रुपये मिळतात. दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेले की कुटुंबाच्या पदरी काही पडत नाही. ९० दिवसांचा दाखला द्यायला मालक आणि ठेकेदार का-कू करतात. एक सही करायला आपले काय जाते?

ही मदत वेगळी आणि मालकाने द्यायची भरपाई वेगळी. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तिचे सूत्र नव्या संहितेतही आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला अंक. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून पंधरा हजार रुपये ठरवण्यात आली होती. तीस वर्षे वयाच्या कामगाराचा अंक २०७.९८ आहे. म्हणजे पंधरा हजार वेतनावर भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. पण हे मिळवायला तो तिथे कामाला होता आणि त्याला इतका रोज मिळत होता, हे दाखवावे लागते. म्हणून हजेरीच्या वहीला फार किंमत आहे. मजुराने आपल्या मोबाइलवर त्या वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवला तरी पुढे उपयोगी पडतो.

आणि अपघात झालाच तर? पहिल्या पाच मिनिटांत आपण चांगल्या हेतूने फार नुकसान करतो. दोघे हात धरतात, दोघे पाय धरतात आणि माणसाला रिक्षात कोंबतात. मणका मोडलेला असेल तर आतली मज्जारज्जू तेव्हाच तुटू शकते. त्याला आहे तसाच राहू द्या. डोके, मान आणि पाठ एका रेषेत, हलू न देता धरा. १०८ क्रमांकावर फोन करा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. पाणी पाजू नका. श्वास थांबला असेल तर मात्र वाट पाहू नका, ज्याला येत असेल त्याने छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. जागा धोक्याची असल्यामुळे हलवावेच लागले, तर चार-पाच जणांनी मिळून एकाच वेळी, दारावर किंवा रुंद फळीवर, शरीर न वळवता हलवा. आमच्या गवंड्याला आम्ही हात-पाय धरून टेम्पोत घातले होते. त्याचे पाय पडल्याने गेले की आम्ही उचलल्याने गेले, हे मला आजही सांगता येत नाही.

सोलापूर हे कष्टकऱ्यांनी उभे केलेले गाव आहे. इथे कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना उभी राहिली आणि त्यांतली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हाती आली. विडी वळणारी, यंत्रमागावरची, भंगार गोळा करणारी माणसे स्वतःच्या छपराखाली आली, याचा आनंद आहेच. त्या प्रत्येक घराच्या भिंतीला कुणी तरी पहाडावर उभे राहून गिलावा केला आहे. आपल्याही घराच्या.

म्हणून एक विनंती. यापुढे 'तोल जाऊन' हे शब्द वाचले, तर तीन प्रश्न मनात विचारा. फळ्या किती होत्या? कठडा होता का? पहाड कुणी बांधला होता? बातमी देणाऱ्यांनी, पंचनामा करणाऱ्यांनी आणि माझ्यासारखा जबाब लिहून देणाऱ्यांनीही ते विचारावेत. माझा जबाब आता बदलता येत नाही. तो आज लिहायचा असता तर असा लिहिला असता: 'तीन फळ्यांपैकी एक आम्ही काढून नेली होती. कठडा नव्हता. गवंड्याने सकाळीच सांगितले होते.'